तारीख बदलली, धन्यवाद

रविवार, मार्गशीर्षातला. सकाळ ते दुपारचं जेवण. स्थळ: कर्वेनगर, प्रफुल्लचं नवं ऑफिस. लिफ्ट बंद.

उपस्थित: प्रफुल्ल, त्याची बायको स्नेहल, यवतमाळहून आलेले त्याचे आई-वडील, ऑफिसातली मुलं-मुली, त्यांतच ऋतुजा, पूजा सांगणारे गुरुजी, आणि प्रमुख पाहुणी म्हणून मी.

अनुपस्थित: खरं काय झालं होतं ते सांगणारी व्यक्ती. म्हणजे पुन्हा मीच.

कुठल्याही प्रसंगाचं टिपण मी असंच काढते. आधी कोण होतं, मग काय झालं, शेवटी कोणतं काम कोणाकडे आणि मुदत काय. मुदत नसलेलं काम हे काम नव्हेच, असं मी ऑफिसात सगळ्यांना ऐकवत असते. घरच्या गणपतीचंही टिपण निघतं. नवरा म्हणतो, बाप्पांची सही तेवढी राहते. पण आजचं टिपण पुरं होईना. कारण त्याच्या आधीचा एक भाग मी कुठेच, कधीच, कोणालाच सांगितलेला नाही. नवऱ्याला नाही. बहिणीला नाही — आणि तिला तर माझ्या गुडघ्यांचे आवाजसुद्धा ओळखू येतात. तुम्हाला पहिल्यांदाच सांगते आहे. जरा टेकून बसा. मुद्द्यावर यायला मला वेळ लागेल. एरवी लागत नाही, कोणालाही विचारा.

मी सॉफ्टवेअर लिहिते. तेव्हा ज्या कंपनीत होते तिथे आम्ही मंगल कार्यालयांच्या बुकिंगचं सॉफ्टवेअर करत होतो. हॉल, गच्ची, लॉन — प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. हॉल अर्ध्या दिवसासाठी मिळतो, लॉन पूर्ण दिवसासाठी, गच्ची पावसाळ्यात मिळतच नाही. पण लोक तिन्हीकडे येऊन सांगणार तेच: नोंदवा, रद्द करा, तारीख बदला. अशा वेळी प्रोग्रॅममध्ये आधी एक इंटरफेस लिहितात. इंटरफेस म्हणजे नुसतं वचन. कार्यालयाच्या दारावरचा फळा समजा — ‘येथे तारीख बदलून मिळेल.’ कोण बदलणार, कशी बदलणार, फळा काही बोलत नाही. ते ज्याचं त्याने बघायचं.

मग येतो ॲब्स्ट्रॅक्ट क्लास. ही म्हणजे परातीत भिजवून ठेवलेली कणीक. कणीक कोणी पानात वाढत नाही, पण पोळी, पुरी, पराठा सगळं तिच्यातूनच होतं आणि प्रत्येकाचं पीठ मळणं वाचतं. हॉल, गच्ची, लॉन यांना सारखंच लागणारं काम एकदाच तिथे लिहायचं. जे ज्याचं वेगळं, ते मोकळं सोडायचं — खरोखर मोकळं, ‘हे तुझं तू लिही’ असं स्पष्ट बजावून. वर फळा, मध्ये कणीक, खाली वाढलेली पानं. दोन्ही एकत्र वापरायची ही पद्धत उत्तम आहे. मी आजही वापरते. दोष पद्धतीचा नव्हता, हे आत्ताच लिहून ठेवते. नाहीतर पुढे तिच्यावर ढकलायचा मोह होईल.

आणि या सगळ्यावर डोळा ठेवायला असतो कंपायलर, म्हणजे आपण लिहिलेलं तपासून मगच पुढे सोडणारा प्रोग्रॅम. सोसायटीच्या सेक्रेटरीच्या स्वभावाचा. एक सही राहिली की कागद परत. फळ्यावर वचन आहे आणि लॉनच्या क्लासमध्ये, म्हणजे लॉनचं काम जिथे लिहिलंय त्या भागात, ते पाळलेलं नाही? लाल रेघ. काम बंद. मला तो मनापासून आवडतो. दोघांचे स्वभाव जुळतात. म्हणूनच त्याला मी कसं गप्प केलं, ते सांगताना — असो, सांगतेच.

एका शुक्रवारी दुपारी मोठे गिऱ्हाईक सॉफ्टवेअर बघायला येणार होते. आदल्या दिवशी साहेबांनी ‘तारीख बदला’ हे वचन फळ्यावर वाढवायला लावलं. मी वाढवलं. हॉलसाठी ते लिहूनही काढलं, कारण हॉलच दाखवायचा होता. पण गच्ची उरली, आणि तिच्यासारखे आणखी दोन-तीन प्रकार. सगळीकडे लाल रेघा. गिऱ्हाईक खाली पार्किंगमध्ये गाडी लावत होते. मग मी कणकेत एक ओळ मिसळली. तारीख बदला म्हणून कोणी सांगितलं, तर काहीही करू नका — फक्त ‘झालं’ म्हणा.

लाल रेघा गेल्या. एकदम, सगळ्या. दिवाळीआधी घर आवरून झाल्यावर वाटतं तसं वाटलं — अडगळ नुसती पलंगाखाली ढकललेली असताना वाटतं तसं.

सोमवारी काढू, असं ठरवलं. त्या काळी माझ्या दिवसभराच्या कामांची यादी टेबलावर उघडी असायची, येता-जाता लोक वाचायचे. ‘कणकेतलं खोटं काढणे’ असं त्यावर कसं लिहिणार? लिहिलं नाही. सोमवार आला. तसे पुष्कळ सोमवार आले.

प्रफुल्ल त्यानंतर आला. पहिली नोकरी. उंच, किंचित वाकून चालणारा, खुर्ची ओढण्याआधीही ‘बसू का, मॅडम?’ विचारणारा. त्याला लॉनचा क्लास दिला. पठ्ठ्या दोन रविवार स्कूटर काढून खडकवासल्याच्या रस्त्यावरच्या लॉनवाल्यांकडे जाऊन बसला, ते बुकिंग कसं घेतात ते बघायला. नोंदवणं लिहिलं, रद्द करणं लिहिलं. तारीख बदलणं मात्र कंपायलरने त्याच्याकडे मागितलंच नाही. का मागेल? माझ्या कणकेतून त्याला उत्तर मिळत होतं. तरी प्रफुल्लने बटण दाबून पाहिलं होतं. पडद्यावर आलं: ‘तारीख बदलली, धन्यवाद.’ तो संदेशही माझाच. ‘धन्यवाद’ पाहिजेच, हा आग्रह माझा.

आता तुम्ही ओळखलं असेलच. ओळखा, पण ऐका.

त्या वर्षीच्या लग्नसराईत एका रविवारी सकाळी लॉनच्या मालकांचा मला फोन आला. ते ओरडत नव्हते. पुण्यात ओरडण्यापेक्षा ते वाईट. म्हणाले, “मॅडम, तुम्ही स्वतः या. तुमचं सॉफ्टवेअर आमच्याकडे काय करतंय ते एकदा प्रत्यक्ष बघा.”

गेले. लॉनच्या एका टोकाला सनई लावलेली, दुसऱ्या टोकाला बँड. एका बाजूला सदाशिव पेठेतलं एक कुटुंब, त्यांच्या आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन. आजोबा मध्यभागी खुर्चीवर, अंगावर शाल, भोवती ओवाळायला उभ्या सुना. दुसऱ्या बाजूला खडकवासल्याकडच्या एका गावातलं लग्न, वाजत-गाजत आत आलेलं, नवरदेव घोड्यावर. लग्न आधी वेगळ्या दिवशी होतं; मुहूर्त बदलला म्हणून त्यांनी लॉनची तारीख बदलून घेतली होती. म्हणजे सॉफ्टवेअरने तसं सांगितलं होतं. लॉन मात्र त्या नव्या तारखेला मोकळंच दिसत राहिलं आणि आजोबांच्या थोरल्या मुलाने ते रीतसर नोंदवलं.

नवरीचे वडील मोबाइल धरून उभे होते. “मेसेज हाय की माझ्याकडं. वाचा. बदलली म्हणतंय. वर धन्यवाद बी म्हणतंय.”

थोरल्या मुलाकडे पावती होती. ते म्हणाले, धन्यवाद आम्हालाही आला आहे, तेव्हा तो मुद्दा निकाली निघाला.

घोडा या सगळ्याला कंटाळून आजोबांच्या खुर्चीपर्यंत गेला. आजोबांनी चष्मा वर करून त्याला नीट पाहिलं आणि म्हणाले, “माझ्यासाठी आणला असेल, तर जरा उशीर केलात.”

शेवटी मधोमध मांडवाचा पडदा लावला. इकडच्या गुरुजींचे मंत्र आणि तिकडची मंगलाष्टकं एकमेकांत मिसळली. अक्षता पडद्यावरून आजोबांच्या डोक्यावर आल्या. त्यांनी त्या झटकल्या नाहीत. पण हे हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. जेवणाची गल्लत झाली, लग्नातल्या शेवटच्या पंगतीला वाढायला भात उरला नाही, आणि नवरीचे वडील गेटपाशी उभं राहून आपल्याच पाहुण्यांची माफी मागत होते. मुलीच्या लग्नात. मी ते पाहिलं. आणि घोड्याशेजारी उभी असतानाच मला कळलं होतं — कोणती ओळ, कोणती फाइल, कोणता शुक्रवार.

इथपर्यंत ती चूक होती. चूक कोणाचीही होते. मला जे सांगायचं आहे ते पुढचं.

सोमवारी मी सगळ्यांच्या आधी ऑफिसात पोहोचले. कणकेतली ती ओळ काढली आणि तिथे जे पहिल्यापासून असायला हवं होतं ते लिहिलं — ‘हे ज्याचं त्याने लिहावं.’ त्याच क्षणी प्रफुल्लच्या लॉनखाली लाल रेघ उगवली. कंपायलर मागायला लागला होता. लग्न लागून गेल्यावर. तो बदल मी कोडच्या ओळींमधल्या रिकाम्या जागा नीट करण्याच्या मोठ्या सफाईत मिसळून टाकला आणि वर नाव दिलं: ‘किरकोळ आवराआवर’. मग चहा घेतला. साखर कमी आहे, असंही म्हटल्याचं आठवतं.

दहाला मीटिंग. साहेबांनी विचारलं, लॉनचं काम कोणाचं? प्रफुल्ल उभा राहिला. आमच्याकडे उभं राहायची पद्धत नव्हती, तरी राहिला. त्याला फक्त एकच गोष्ट माहीत होती, ती त्याने सांगितली: “सर, कंपायलरनं मला मागितलंच नाही.”

साहेबांनी फाइल पडद्यावर उघडली. लॉन. खाली लाल रेघ. ठळक.

प्रफुल्लने पडद्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या हातांकडे पाहिलं, जणू त्यांनीच काही परस्पर केलं असावं. मला वाटतं त्याच क्षणी त्याचा स्वतःवरचा विश्वास गेला. रेघ होती आणि आपल्याला दिसली नाही, हे त्याने मान्य केलं. आता सांगा, तशी रेघ असताना प्रोग्रॅम पुढे गेलाच कसा? इतके दिवस लॉनवाल्यांकडे चालला कसा? हे साधं आहे. पण ते विचारायला त्या खोलीत कोणीतरी शांत डोक्याचं हवं होतं. आणि शांत डोक्याची तिथे एकच होती — मी.

मी बोलले. काय बोलले? गप्प बसले असते तरी एक वेळ — नाही, तेही नाही. मी खुर्चीत मागे रेलून म्हणाले:

“कंपायलर मागेल तेव्हाच लिहायचं का, प्रफुल्ल?”

खोली हसली. चांगलं वाक्य होतं, यात शंका नाही. आटोपशीर, पुणेरी, थोडं शिक्षकी. दोन दिवसांत कोणीतरी ते छापून कॉफीच्या मशिनवर चिकटवलं. माझं नाव झालं. नव्या मुलांना मी तो किस्सा सांगायला लागले — नाव न घेता, एवढी सभ्यता पाळून — आणि दर वेळी घोडा थोडा मोठा होत गेला.

प्रफुल्लला कोड लिहिण्यावरून काढून फोनवर बसवलं. कार्यालयवाल्यांच्या तक्रारी ऐकायच्या आणि नम्रपणे उत्तरं द्यायची. नोकरी कायम व्हायची होती, ती लांबली. तो कुरकुरला नाही. उलट एके दिवशी पेढे घेऊन आजोबांकडे सदाशिव पेठेत आणि मग नवरीच्या वडिलांकडे गावी जाऊन माफी मागून आला, असं दुसऱ्याच कोणाकडून कळलं. मला तेव्हा काय वाटलं? खरं सांगू? वाटलं की बरं झालं, तो विषय मिटला. पुढे त्याने नोकरी सोडली. निरोपसमारंभ मी आखला. केक बिनअंड्याचा होता, भेटकार्डावर सगळ्यांच्या सह्या होत्या. एकही राहिली नाही.

त्यानंतर दर दिवाळीला त्याचा शुभेच्छांचा संदेश यायचा. मी अंगठा पाठवायची.

आणि परवा फोन आला. स्वतःचं ऑफिस काढतोय, दवाखान्यांच्या वेळा नोंदवायचं सॉफ्टवेअर, रविवारी पूजा. “तुम्ही नाही आल्या तर पूजा नाही होत, मॅडम.” मी ठरवलं — बास, या वेळी सांगायचं. वाक्यसुद्धा तयार केलं. जिना चढताना दोनदा म्हणून पाहिलं. दुसऱ्यांदा जास्त चांगलं जमलं.

दार उघडलं आणि समोरच्या भिंतीवर, देवाच्या फोटोच्या थोडं खाली, काचेच्या चौकटीत, सुंदर अक्षरांत: ‘कंपायलर मागेल तेव्हाच लिहायचं का?’

खाली माझं नाव.

प्रफुल्ल छोटंसं बोलला. म्हणाला, पहिल्या नोकरीत माझ्या बेफिकिरीमुळे एका मुलीच्या लग्नाचा विचका झाला, आणि तेव्हा मॅडमनी मला एकच वाक्य सांगितलं. त्या वाक्यावर मी उभा आहे. मग मला शाल दिली, हातात नारळ दिला. त्याच्या आईने माझे दोन्ही हात धरले. “माह्या पोराले तुमीच वळण लावलं जी, म्याडम.” मी काय म्हणाले माहीत आहे? “छे, छे, तो मुळातच हुशार होता.” आयुष्यात त्याच्याबद्दल बोललेलं पहिलं खरं वाक्य, आणि तेही विनय म्हणून खपलं.

स्नेहल पुऱ्या वाढताना हसत सांगत होती, की यांनी लग्न नोंदणी पद्धतीनेच केलं. हॉल बुक करायचं म्हटलं की यांच्या हाताला घाम फुटतो. सगळे हसले. मी पुरीचा घास तोंडात तसाच धरून बसले.

मग त्याने कौतुकाने काम दाखवलं. त्यांच्याकडे ॲब्स्ट्रॅक्ट क्लास बंद आहे. संपूर्ण बंदी. मधलं कोणी नकोच म्हणतो, प्रत्येकाने सगळं स्वतःचं स्वतः लिहायचं. म्हणजे फसगत होत नाही. दाताचा दवाखाना, डोळ्यांचा, लहान मुलांचा — प्रत्येक ठिकाणी तेच काम पहिल्यापासून. म्हणजे माझ्या एका ओळीपायी ही सगळी हुशार पोरं रोज सकाळी आपापली परात घेऊन नव्याने कणीक मळत बसलेली. माणूस म्हणून मला लाज वाटली. ती कधीचीच वाटत होती. पण प्रोग्रॅमर म्हणून अंगावर काटा आला.

शेवटी ऋतुजा. कोपऱ्यातल्या टेबलावर बसणारी, नुकतीच लागलेली मुलगी; डोळ्यांच्या दवाखान्याचं काम तिच्याकडे. प्रफुल्ल वडिलांना डोळ्यांच्या दवाखान्याची वेळ रद्द करून दाखवायला गेला. बटण दाबलं, आणि वेळ जिथल्या तिथे. त्याने चिडून नाही, अगदी प्रेमाने, भिंतीवरच्या चौकटीकडे बोट केलं. “कंपायलर मागेल तेव्हाच लिहायचं का, ऋतुजा?”

सगळे हसले. ऋतुजा म्हणाली, “सर, मी चेक केलं होतं. तेव्हा होत होतं.” आवाज इतका हळू की बहुतेक मलाच ऐकू गेला. मग तिने पडद्याकडे पाहिलं. आणि मग स्वतःच्या हातांकडे.

तिच्या कोडमध्ये खरं काय झालं होतं, मला माहीत नाही. तिची चूक असेल. नसेलही. कोणीतरी शेजारी बसून उघडून पाहायला हवं होतं. मला तेवढंच नीट येतं, आणि मी तिथेच उभी होते, अंगावर शाल, हातात नारळ. मी हसले. अर्धा क्षण उशिरा, पण सगळ्यांच्या सुरात सूर मिसळून हसले. मग घड्याळ पाहिलं आणि निघते म्हणाले. प्रफुल्ल खालपर्यंत सोडायला आला. गेटपाशी आम्ही दोघंच होतो, रिक्षा येईपर्यंत. चांगला वेळ होता. वाक्य तयार होतं. मी त्याला म्हणाले की लिफ्टचं लवकर बघून घे, पेशंट लोक येतील.

तो म्हणाला, हो मॅडम, आजच लिहून घेतो.

घरी आल्यावर नवऱ्याने नारळ पाहून विचारलं, उद्या खोबऱ्याची चटणी का? मी नको म्हणाले. नारळ ओट्यावर आहे. शाल पिशवीतून काढलेली नाही. तुम्हाला जे सांगायचं होतं ते सांगून झालं. तुम्ही त्याचं काय करावं, हे माझ्याकडे नाही. टिपण तेवढं पुरं करते.

ठरलेली कामं. लिफ्टची दुरुस्ती — जबाबदारी: प्रफुल्ल, मुदत: हा आठवडा. ऋतुजाचं कोड शेजारी बसून उघडून पाहणे — जबाबदारी: मी, मुदत: त्याआधी यादीतलं पुढचं काम व्हायला हवं. प्रफुल्लला सांगणे — जबाबदारी: मी, मुदत: